चांगली सुरुवात झालेल्या मालिका मध्येच का रेंगाळतात?

नाशिककर (प्रश्न):

सध्या सुरू असलेल्या मराठी मालिकांपैकी ‘ठरलं तर मग’ मी डिसेंबर २०२२ पासून, म्हणजे अगदी पहिल्यापासून पाहत आले आहे. जुई गडकरी यांनी नायिका सायलीला दिलेला साधेपणा मला आजही आवडतो, आणि करारापुरते लग्न करणारा वकील नवरा व त्याची आश्रमात वाढलेली बायको यांच्यात हळूहळू विश्वास निर्माण होतो, तो भाग तर फार सुंदर लिहिला होता. परंतु सायलीला आश्रमात वाढवणाऱ्या मधुभाऊंवरच्या खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला २०२५ उजाडले. सत्य ठाऊक असलेले पात्र ‘मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे’ असे म्हणून तोंड उघडते, तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजतो. मग कॅमेरा दिवाणखान्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर आळीपाळीने जातो आणि भाग संपतो. असे वारंवार होऊ लागले की कलाकार कितीही चांगले असले तरी मन उडते. याउलट ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हा प्रहसनांचा विनोदी कार्यक्रम कुठूनही पाहिला तरी समाधान मिळते. हा फरक लेखनाचा आहे, की मालिका बनवण्याच्या पद्धतीचाच आहे? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

चिंचवडवासी:

माझ्या मते दोष पद्धतीचा आहे. आठवड्याचे सहा-सात दिवस रोज एक भाग द्यायचा म्हटले की भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, कायम रिकामी होत असते, त्यामुळे एका दिवसात जास्तीत जास्त प्रसंग उरकतील अशीच मांडणी करावी लागते. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि जिना एवढ्यातच कथा का घुटमळते, याचे उत्तर तिथेच आहे. बाहेरचे चित्रीकरण वेळखाऊ असते. त्यातच दर आठवड्याला टीआरपीचे, म्हणजे मालिका किती पाहिली गेली याचे, आकडे येतात आणि ज्या वळणाला प्रतिसाद मिळाला ते वळण ताणले जाते. रविवारचे महाएपिसोड हा त्याच हिशेबाचा भाग आहे.

दुसरी गोष्ट रिमेकची. ‘ठरलं तर मग’चे मूळ तमिळ ‘रोजा’मध्ये आहे, ‘लक्ष्मी निवास’ कन्नडमधून आली, ‘आई कुठे काय करते’ बंगालीतून आली होती. तयार कथानक हाती असले की आपल्या लेखकांना नवे घर, नवी गल्ली, नवा व्यवसाय शोधण्याची गरज उरत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलुंडची प्रेक्षक:

रिमेकबद्दल मी सहमत नाही. ‘आई कुठे काय करते’मध्ये मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती कुठल्याही मराठी घरात शोभेल अशीच होती, मोठी मुले असलेली बाई घटस्फोट घेऊन स्वतःच्या गाण्यावर उभी राहते, हे ऐन संध्याकाळच्या वेळेत घराघरांत दिसले, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. मूळ कथा बंगाली असल्यामुळे तिचे महत्त्व कमी होत नाही. घसरण झाली ती नंतर, कारण अरुंधती स्वतंत्र झाल्यावर कथेचे मुख्य काम झाले होते आणि तरीही मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालवली गेली.

रोजच्या प्रक्षेपणालाही सगळा दोष देता येणार नाही. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ रोजच लागत असे, पण जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेली ती मालिका त्याच वर्षी संपवली गेली, म्हणूनच घना आणि राधा आजही लोकांच्या लक्षात आहेत. शेवट कुठे करायचा हे लेखकाला आधी ठाऊक असेल, तर मधल्या प्रसंगांना दिशा मिळते. शेवटच ठरलेला नसेल, तर फोन वाजवण्यावाचून लेखकाकडे दुसरा उपाय राहत नाही. वाहिन्यांनी सुरुवातीलाच भागांची संख्या जाहीर करावी, अशी मागणी आपण प्रेक्षकांनी करायला हवी.

रत्नागिरीकर:

वरचा मुद्दा विनोदी कार्यक्रमांना तंतोतंत लागू पडतो. हास्यजत्रेतले प्रहसन थोड्या वेळात सुरू होऊन संपते, त्यामुळे लेखकाला शेवट आधीच बांधावा लागतो. नम्रता संभेराव यांची लॉली प्रवेश करते तेव्हा तिच्या चालण्यातूनच प्रसंग कळतो, तर समीर चौघुले एखादा शब्द घशात अडकवून ठेवतात आणि समोरच्या कलाकाराला हसू आवरेनासे होते. ही तयारी रंगमंचाची आहे. प्रभाकर मोरे यांच्या तोंडची कोकणी बोली ऐकताना मला आमच्याकडची माणसे दिसतात, आणि आमची बोली हेटाळणीविना पडद्यावर येते याचा आनंद वाटतो.

तरीही धोका तिथेही आहे. विनोद सुचला नाही की जाडेपणा, रंग किंवा साडी नेसलेला पुरुष यांवर वेळ मारून नेली जाते, आणि हे सर्वच विनोदी कार्यक्रमांत दिसते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचत, तेव्हा शेतकऱ्याच्या किंवा सैनिकाच्या घरचे दुःख ऐकून हसणारे प्रेक्षक डोळे पुसत असत. विनोदी कार्यक्रमाला इतके गंभीर लेखन पेलते हे सिद्ध झालेले असताना आज त्या तोडीचे काही लिहिले जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे. नाशिककर, आपण म्हणता ते समाधान मलाही मिळते, पण हास्यजत्राही २०१८ पासून सुरू आहे. त्याच जोड्या आणि तीच पात्रे किती काळ पुरवायची, हा प्रश्न तिथल्या लेखकांपुढेही आता उभा आहे.