कयाकच्या प्लास्टिकच्या तळाला गेलेला तडा घरी कसा सांधावा?

चोडणवासी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दोघांनी बसायची, वरून उघडी असलेली प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, आहे. ती मी पाच वर्षांपूर्वी जुनी म्हणून विकत घेतली. भरती-ओहोटीची वेळ पाहून मी गोव्यातील चोडण बेटाच्या कांदळवनाच्या कडेने आणि कधीमधी कुंभारजुव्याच्या कालव्यापर्यंत ती वल्हवत नेतो. उतरण्याच्या जागी जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत आणि त्यांना धारदार कालवे (शिंपले) चिकटलेली असतात. एकट्याने उचलायला ती जड असल्यामुळे मी तिचे मागचे टोक त्या पायऱ्यांवरून ओढत आलो. त्या आळसाचे फळ म्हणून तळाच्या मागच्या भागात, मधल्या कण्यालगत, सुमारे ९ सें.मी. लांबीचा तडा गेला आहे. शिवाय तळातून आरपार जाणाऱ्या निचऱ्याच्या एका भोकाच्या कडेलाही केसासारखी बारीक रेघ दिसते.

आमच्याकडे मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तड्यावर काचतंतूची चटई आणि रेझिन लावून दिले. काम दिसायला सुबक होते, परंतु दुसऱ्याच फेरीत तो सगळा थर वाळलेल्या पापुद्र्यासारखा एकसंध सुटून हातात आला. त्यानंतर मी स्वतः दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुटी भरून पाहिली. तीही नखाने उचकटली गेली. कालव्यात मगरींचा वावर आहे हे येथील वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे अर्ध्या वाटेत होडीत पाणी भरण्याचा प्रसंग मला मुळीच नको आहे. हे काम घरच्या घरी टिकाऊ होऊ शकते का, आणि होत असल्यास नेमके काय चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

साचेवाला

तुमच्या कारागिराचा दोष एवढाच की त्याने ज्या पदार्थावर आयुष्यभर काम केले त्याचीच पद्धत दुसऱ्या पदार्थाला लावली. फायबरच्या होडीत रेझिन हाच मूळ पदार्थ असल्याने नवे रेझिन जुन्यावर धरते. तुमची कयाक बहुधा पॉलिथिलीनची आहे, आणि पॉलिथिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. त्यावर पाणी पसरत नाही, तसेच रेझिन किंवा पुटीही धरत नाही. म्हणून हे काम चिकटवण्याचे नसून वितळवून एकजीव करण्याचे आहे.

तुमच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी असेल, तर कयाक कशी घडते हे तुम्हाला घरीच पाहता येईल. पोकळ साच्यात प्लास्टिकची पूड घालून तो भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवतात आणि पूड वितळून आतल्या बाजूला सारख्या जाडीचा थर धरते. बहुतेक टाक्या आणि बहुतेक स्वस्त-मध्यम कयाक याच रीतीने, एकाच घराण्यातल्या पॉलिथिलीनपासून बनतात. त्यामुळे दुरुस्तीसाठी लागणारी वेल्डिंगची पट्टी शोधत फिरण्याऐवजी भंगारवाल्याकडून फुटक्या टाकीचा तुकडा आणावा आणि त्यातून ५-६ मि.मी. रुंदीच्या लांब पट्ट्या कापून घ्याव्यात. त्याच तुकड्याला मुद्दाम चीर पाडून आधी त्यावर हात बसवावा. पहिला प्रयोग थेट होडीवर करणारा माणूस तड्याचे भोक करून बसतो, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

त्याआधी प्लास्टिकची खात्री करून घ्या. होडीच्या आतल्या कडेचा नखाएवढा काप काढून पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगेल. मग तोच काप कोरडा करून चिमट्यात धरून हळूहळू तापवा. तो पारदर्शक होऊन मेणबत्तीसारखा ओघळला तर वेल्डिंग होईल. तो नुसताच रबरासारखा मऊ पडला आणि न वाहता शेवटी करपला, तर ते क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आहे. त्याच्या रेणूंच्या साखळ्या घडतानाच एकमेकींना कायमच्या जोडल्या गेलेल्या असतात. ते पुन्हा वितळत नाही आणि त्यावर हीट गन (गरम हवा फेकणारे हत्यार) चालवण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष काम. तड्याच्या दोन्ही टोकांना, डोळ्यांना दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे, ४ मि.मी.चे भोक पाडा. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो, गोल भोकामुळे तो वाटला जातो आणि तडा पुढे धावत नाही. हे भोक न पाडता वर कितीही प्लास्टिक ओतले तरी सहा महिन्यांत नव्या सांध्याच्या पलीकडे रेघ उमटते. मग तड्याच्या कडा सुरीने व्ही आकारात खरवडा. उन्हाने पांढुरका, खडूसारखा झालेला वरचा थर दोन्ही बाजूंना दोन-दोन सें.मी. खरवडून ताजे, तकतकीत प्लास्टिक उघडे करा, कारण जळालेली कातडी कातडीला धरत नाही. रेझिनचा कणही राहता कामा नये. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते पूर्ण उडून जाऊ द्या, आणि त्यानंतर त्या जागेला हात लावू नका.

या पदार्थाचा वितळणबिंदू साधारण १२० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, परंतु हवेतून उष्णता पोहोचवायची असल्याने गरम हवा २७० ते ३०० अंशांपर्यंत ठेवावी लागते. साध्या हीट गनचा शेवटचा टप्पा यापेक्षा बराच तापट असतो, तो वापरू नये. धूर निघू लागला की प्लास्टिक वितळत नसून जळते आहे असे समजावे. सर्वांत मोठी चूक म्हणजे पट्टी वितळवून थंड तळावर थापणे. तसा सांधा वरून छान दिसतो आणि नखाने निघतो, तुमच्या पुटीसारखाच. तळ आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी ओलसर चकाकले पाहिजेत, आणि त्या क्षणी पट्टी रोलरने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून बसवली पाहिजे. एका बैठकीत बोटभर लांबी पुरेशी आहे. झाल्यावर पाणी ओतून थंड करू नका. वर सपाट लाकूड आणि वजन ठेवून निवू द्या, नाहीतर तो भाग आत ओढला जाऊन वाकतो.

तापवताना निचऱ्याचे बूच आणि सगळी झाकणे उघडी ठेवा, म्हणजे आत कोंडलेली हवा फुगणार नाही. हीट गन १,८०० ते २,००० वॅटची असते. ती पातळ एक्स्टेन्शन वायरवर चालवू नका, पावसाच्या दिवसांत तर नाहीच.

खाडीकाठचा

वरील उत्तर योग्य आहे, फक्त एक भर घालतो. म्हापशाला किंवा मडगावला स्कूटरचे बंपर आणि मडगार्ड वेल्ड करणारे पुष्कळ आहेत, आणि कोणीतरी तुम्हाला त्यांच्याकडे पाठवेलच. त्यांच्याकडच्या पट्ट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा एबीएसच्या, म्हणजे वेगळ्याच जातींच्या प्लास्टिकच्या, असतात आणि त्या पॉलिथिलीनशी एकजीव होत नाहीत. कारागीर चांगला असला तरी पट्टी तुमचीच न्या. उलट तुमची कयाक चकचकीत, कडक, टकटक वाजणारी असेल आणि तिचा काप पाण्यात बुडाला, तर ती एबीएसची असू शकते. तिला वेल्डिंगपेक्षा एबीएसला विरघळवणारे सिमेंट लावणे सोपे पडते.

रेघोट्या

रेझिन पॉलिथिलीनवर कधीच धरत नाही, हे विधान मला थोडे जास्त सरसकट वाटते. पृष्ठभागावरून गॅस टॉर्चची निळी ज्योत झपाट्याने फिरवली तर त्याचा वरचा थर ऑक्सिडाइझ होतो. पाण्याचा थेंब त्यावर गोळा न होता पसरू लागतो, आणि लवचिक जातीचे इपॉक्सी तेथे बऱ्यापैकी धरते. मी स्वतः झाकणाच्या चौकटीजवळचा एक तडा असाच बंद केला आहे. मात्र ती जागा दगडावर घासली जात नाही हे मान्य करायला हवे. तळावर, जेथे प्रत्येक फेरीत प्लास्टिक लवते आणि घासते, तेथे मीही वेल्डिंगच करेन. तोवर एखादी फेरी मारायचीच असेल तर कोरड्या, पुसलेल्या तळावर ब्युटाइल रबराची चिकटपट्टी दाबून लावावी. किनारा गाठण्यापुरती ती पुरते, पण वेल्डिंगआधी तिचा चिकटा संपूर्ण काढावा लागतो.

चोडणवासी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. काप पाण्यावर तरंगला आणि तापवल्यावर स्वच्छ ओघळला. दोन शंका उरल्या आहेत. ९ सें.मी.च्या तड्यात स्टीलची जाळी पुरावी असे एक-दोघांनी सुचवले, ते करावे का? आणि निचऱ्याच्या भोकाच्या नळीपर्यंत आतून हात पोहोचत नाही, तेथे काय करावे?

साचेवाला

जाळी पुरायचीच असेल तर ती चाळणीला असते तशी स्टेनलेस स्टीलची घ्या. खाऱ्या पाण्यात साधी लोखंडी जाळी गंजून फुगते आणि आतूनच सांधा फोडते. सोल्डरिंग आयर्नने ती प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडवून वर पट्टीचा थर द्यावा लागतो. माझे स्वतःचे मत असे की तुमच्या तड्याला तिची गरज नाही. जाळीमुळे तेवढा भाग ताठ होतो, बाकीचा तळ लवत राहतो, आणि पुढचा तडा नेमका जाळीच्या कडेने जातो. तडा लांब असेल किंवा प्लास्टिकचा तुकडाच गेला असेल, तर गोष्ट वेगळी.

नळीच्या कडेची रेघ हे खरे कठीण दुखणे आहे. तुम्ही होडी न्यायला त्या भोकांत खुंट्या अडकवणारी चाकांची गाडी वापरता का? तसे असेल तर सगळे वजन त्या पातळ नळ्यांवर येते आणि तडे तेथेच जातात. गाडी बदला, तळाला पट्ट्यांनी आधार देणारी घ्या. रेघ फक्त बाहेरच्या कडेला असेल तर बाहेरून खरवडून वेल्ड करा. ती नळीत खोल गेली असेल तर डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पृष्ठभागावर, जवळच एक गोल, झाकणाचे छिद्र बसवून आत हात पोहोचवण्याखेरीज उपाय नाही. आतल्या पोकळीत फोमच्या नळ्या भरून ठेवाव्यात हे मात्र मी आग्रहाने सांगेन. पाणी शिरले तरी होडी तरंगती राहते, आणि कुंभारजुव्याच्या बाबतीत तुम्हाला तेच हवे आहे.

चोडणवासी

थोडे कळवण्याजोगे घडले आहे. भंगारातल्या टाकीच्या तुकड्यावर पहिले तीन सांधे पक्कडीने ओढताच उखडले, कारण मी तळ पुरेसा तापवतच नव्हतो. चौथा सांधा तुटला तो पट्टीत, सांध्यावर नव्हे, आणि तेव्हाच मी होडीला हात लावला. कण्याजवळचा तडा वेल्ड करून रात्रभर वजनाखाली ठेवला. आज ओसरीवर होडी उलटी घालून तळाला साबणाचे पाणी फासले आणि बुचाच्या भोकातून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरली. मुख्य सांध्यावर एकही बुडबुडा आला नाही. निचऱ्याच्या भोकापाशी मात्र बारीक फेस येतच राहिला, आणि टॉर्च लावून पाहिल्यावर रेघ नळीत जवळजवळ ३ सें.मी. आत गेलेली दिसली. खुंट्यांची गाडी मी खरोखरच वापरत होतो. डेकवर छिद्र कापण्याचे काम पावसाने उघडीप दिल्यावर हाती घेणार आहे. तोपर्यंत होडी माडाच्या सावलीत, दोन जुन्या टायरांवर पालथी आहे.