मिश्री सोडवण्याच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन कसं करायचं?

कागलकर: मंडळी, कागल तालुक्यातल्या 12 गावांत बचत गटांमार्फत मिश्री (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड) सोडवण्याचा कार्यक्रम जूनपासून घ्यायचाय. सहा महिने, दर बैठकीत एक सत्र. अहवालात नुसतं "जनजागृती झाली" नको. खरंच किती जणींनी सोडली हे कसं मोजायचं? पाहणी आशाताईंकडून करून घेतली तर चालेल?

आरोग्यमित्र_करवीर: आशाताईंकडून नको. ज्या "सोडा" म्हणतात, त्यांनीच "सोडली का?" विचारलं की मन राखायला बायका "हो" म्हणणारच. गावाबाहेरच्या, शक्यतो नर्सिंगच्या मुली घ्या.

"तंबाखू खाता का?" हा प्रश्न तर बादच करा. मिश्री दात घासायची, ती तंबाखूत धरतच नाहीत. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत किती वेळा लावली?" आणि "गेल्या 7 दिवसांत किती दिवस लावली?" असं विचारा. तपकीर आणि तंबाखूची पेस्ट नाव घेऊन वेगळी विचारा, कारण मिश्री सोडून पेस्ट धरली तर निकोटिन चालूच राहतं. सुनेला सासूसमोर विचारलं तर उत्तर वाया गेलं म्हणून समजा.

आकडेमोड: बाराही गावांत एकदम सुरू करू नका. चिठ्ठ्या टाकून 6 गावं आत्ता, 6 वर्षभरानं. समजा कार्यक्रमाच्या गावांत मिश्री लावणाऱ्यांचं प्रमाण 40 वरून 28 टक्के झालं आणि बाकीच्या गावांत 40 वरून 35, तर तुमचा परिणाम 7 टक्क्यांचा, 12 चा नव्हे.

40 चं 30 टक्के झालेलं पकडायला नेहमीच्या हिशोबानं (80 टक्के पॉवर, म्हणजे फरक खरंच असेल तर तो पाहणीत सापडायची शक्यता 80 टक्के) प्रत्येक बाजूला साधारण 356 बायका लागतात. पण एका गावातल्या सवयी सारख्या असतात, म्हणून निदान दुप्पट धरा: गावामागे 120. जमलं तर गावं वाढवा, एकाच गावात बायका वाढवून फारसा फायदा नाही. नमुना गटाच्या सगळ्या सभासदांतून काढा. बैठकीला येणाऱ्याच घेतल्या तर मुळातच सोडायच्या मनःस्थितीतल्या हाती लागतात.

पाहणी तीनदा: सुरुवातीआधी, सत्रं संपल्यावर, वर्षानं. मधली डिसेंबरात, ऐन गळीत हंगामात येईल. सकाळी घरांना कुलपं असतात, संध्याकाळी जा.

कागलकर: लघवीची तपासणी करावी का? आणि दुसऱ्या वेळी न सापडलेल्या बायकांचं काय करायचं?

आरोग्यमित्र_करवीर: "सोडली" म्हणणाऱ्यांपैकी काहींची, दोन्हीकडच्या गावांत, लघवीतल्या कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासणी करा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, 16 ते 20 तासांचं, म्हणजे मागचे दोन-तीन दिवसच कळतात. महिन्याभराचा दाखला त्यातून मिळत नाही. निकोटिनचा च्युइंगम चालू असेल तरी ती पॉझिटिव्ह येते, तेही विचारून घ्या.

न सापडलेल्या "लावतात" यातच धरा. त्या वगळल्या की आकडा फुगतो. आणि प्रत्येक सत्राची हजेरी, वेळ, काय घेतलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. फरक दिसला नाही तर सत्रं कुचकामी होती की झालीच नाहीत, हे त्या वहीवरूनच ठरेल.