आईसाठी बाई ठेवायची का? (भावंडांचा ग्रुप, आईला वगळून)

दादा: आई बाथरूममध्ये पडली हे मला आत्ता कळतंय? 24 तासांची बाई ठेवून टाका. खर्चाचं मी बघतो.

सौ.: दादा, पडल्या नाहीत. घसरता घसरता नळ धरला. लागलं काही नाही.

ताई: माझ्याशी परवाच बोलली. आवाज अगदी ठणठणीत होता गं.

सौ.: फोनवर तसाच असणार ताई. तुमचा फोन यायच्या वेळेला त्या केस विंचरून, चष्मा पुसून तयार बसतात. घरात काय दिसतं ते सांगते. गोळ्यांच्या डबीत सोमवार सकाळचा कप्पा तसाच भरलेला आणि गुरुवारचा सोमवारीच रिकामा. आंघोळीला जाते म्हणतात, बादलीचा आवाजही येतो, पण टॉवेल कोरडा. विजेचं एकच बिल दोनदा भरलं गेलं, पुढच्या वेळी राहिलंच. रात्री उठतात तेव्हा दिवा लावत नाहीत, आमची झोप मोडेल म्हणून. मी ऑफिसला निघते तेव्हापासून जीव टांगणीला.

दादा: मग मी वेगळं काय म्हणतोय? 24 तास.

भाची: मोठ्या मामा, थांब जरा. फिजिओथेरपीत आम्ही हे रोज बघतो. वय किती आणि पडली किती वेळा, एवढ्यावर ठरवायचं नसतं. कोणतं काम सुटलंय ते बघायचं. 1963 पासून कॅट्झ नावाच्या डॉक्टरांची सहा कामांची यादी वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. 1969 ची लॉटन आणि ब्रोडी यांची दुसरी यादी आहे: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. सहसा या दुसऱ्या यादीतलं आधी सुटतं. पहिल्या यादीत बहुतेकांची आंघोळ आधी जाते, जेवण सगळ्यात शेवटी. मामीने सांगितलं त्यावरून आजीचं औषधं आणि पैसे सुटलेत, आणि आंघोळ. पहिल्या यादीतली बाकी पाच ती करतेय ना?

सौ.: करतात. उठायला वेळ लागतो, पण करतात.

भाची: मग 24 तासांची बाई आणलीस तर ती उरलेली पाचही कामं करून टाकेल आणि आजी खरंच अंथरूण धरेल. जे येतं ते तिलाच करू द्यायचं. मामी, हे सगळं हळूहळू झालं की एकदम?

सौ.: सहा-आठ महिन्यांत हळूहळू. का गं?

भाची: दोन-चार दिवसांत एकदम गोंधळायला लागली असती तर बाई नाही, आधी डॉक्टर. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, एखादी नवीन गोळी, कशानेही होतं. हळूहळू असलं तरी तपासून घ्याच, बी-12 आणि थायरॉइड तर नक्की. बीपी ती जागी पण आडवी पडलेली असताना घ्या, मग उभी राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत परत. वरचा आकडा 20 ने किंवा त्याहून जास्त खाली आला तर डॉक्टरांना कळवा, गोळ्या बदलायला लागू शकतात. आणि मामा, खुर्चीतून उठून 3 मीटर चालायला लाव, वळून परत येऊन बसू दे. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. शेजारी उभा राहा, मोबाइल बघत बसू नकोस.

मी: केलं. 17. वळताना भिंत धरते.

भाची: बाथरूममध्ये भिंतीत पक्का दांडा बसवून घे, याच आठवड्यात. नळ आधारासाठी नसतो. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवा.

ताई: पण आंघोळीला परकी बाई? आईला चालणारच नाही. मी येऊन राहते महिनाभर.

सौ.: ताई, जरूर या. पण महिन्यानंतर काय? स्पष्टच बोलते, राग मानू नका. रात्री त्यांची चाहूल घेत झोपायचं आणि सकाळी लॉगिन करायचं, हे मला आता झेपत नाही.

दादा: हे आधी का नाही बोललीस?

सौ.: विचारलं कोणी?

ताई: आणि आईला विचारलं का कोणी? वेगळा ग्रुप काढून आपणच ठरवतोय.

मी: थांबा, विचारून येतो.

मी: आई म्हणते, "बाई कशाला? मी काय आजारी आहे? पाठ चोळायला कोणी येणार असेल तर येऊ दे."

ताई: 😂 म्हणजे हो.

भाची: पाठ चोळणारी म्हणूनच आणा. सकाळचे दोन-तीन तास, आंघोळ आणि गोळ्या. पहिले काही दिवस मामी घरी असताना. दर तीन महिन्यांनी दोन्ही याद्या परत बघू. संडासला किंवा पलंगावरून उठायला हात द्यावा लागला, रात्री गोंधळायला लागली, की तेव्हा पूर्ण दिवसाची बाई, रात्रीचीही लागेल.

मी: चालेल. ताई, तू पहिल्या आठवड्यात ये, तू समोर असलीस की ती नवीन माणसाशी नीट वागते. गोळ्यांची डबी रविवारी मी भरतो. दादा, बिलं तुझ्याकडे.

दादा: ठीक. पासवर्ड टाक इथे.

मी: ग्रुपवर नाही टाकत. फोन करतो.