समुपदेशकाला गणित यायला हवं

वर एकांनी लिहिलंय की उन्हाळी गणित शिबिरात समुपदेशकाला गणित आलं नाही तरी चालतं, घरची आठवण काढणारी मुलं सांभाळली की झालं. मला हे पटत नाही. गोव्यात फोंड्याजवळच्या एका निवासी शिबिरात मी सलग दोन वर्षं मे महिन्यात हे काम केलंय.

घरची आठवण तीन-चार दिवसांत ओसरते. खरा धक्का वेगळाच असतो. शाळेत कायम पहिली येणारी मुलं इथे एकाच गणितापुढे दोन-दोन तास बसतात, काही सुचत नाही, आणि 'मी हुशार नाहीच' असं मनात घट्ट बसतं. अशा वेळी मी गणिती कापरेकरांचा ६१७४ हा आकडा काढायचे. ३५२४ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. उत्तरावर पुन्हा तसंच करत जा: मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कायम ६१७४च. कापरेकर या देवळालीच्या शाळामास्तरांनी आकड्यांशी खेळत हे शोधलं, हे ऐकल्यावर मुलं पुन्हा वही उघडतात.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या गोव्यातल्या सरकारी शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी इंग्रजीत सिद्धता लिहिताना पहिल्याच ओळीला अडकायची. रात्री व्हरांड्यात मी म्हटलं, "गो बाय, कोंकणींत सांग म्हाका." तिने सगळा युक्तिवाद एका दमात सांगितला, आणि तो बरोबर होता. मला गणित येत नसतं तर ते बरोबर आहे हे तिला त्या क्षणी कोणी सांगितलं असतं?