रोटाव्हायरसची लस: दीड महिन्याच्या डोसाआधी निर्णय करायचा आहे

गोदाकाठ:
आमचे बाळ पुढच्या आठवड्यात दीड महिन्याचे होईल. मी सध्या माहेरी, निफाड तालुक्यात आहे. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि पीसीव्ही (न्यूमोनियावरची लस) यांच्या इंजेक्शनांबरोबर पोलिओचे आणि रोटाचेही, म्हणजे लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरच्या लसीचे, थेंब पाजले जातील, असे इथल्या आशाताईंनी सांगून ठेवले आहे. इंजेक्शनांबद्दल घरात कोणाचीच हरकत नाही. गाडे अडले आहे ते रोटापाशी.

सासूबाईंचे म्हणणे असे की, दात येताना जुलाब सगळ्याच मुलांना होतात, बाळ अंगावर पिते आहे, घुटी चालू आहे, घरात स्वच्छता आहे, मग ही आणखी एक लस कशासाठी? या लसीमुळे आतड्यात आतडे अडकते आणि अमेरिकेत अशी एक लस बाजारातून काढून घ्यावी लागली होती, असे माझ्या पतींनी वाचले आहे. द्यायचीच असेल तर सरकारी न देता खासगी दवाखान्यातली परदेशी, दोन डोसांची द्यावी, असे आणखी एका नातेवाइकांचे मत. आत्ता थांबून, सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू करताना ही लस दिली तर चालते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शंकेखोर बाबा:
ताई, आपल्या पतींनी वाचलेली गोष्ट खरी आहे. 1998 मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची लस आली आणि आतडे अडकण्याचे प्रकार लक्षात आल्यावर 1999 मध्ये ती मागे घेण्यात आली. लसींवर प्रश्न विचारला की लोक लगेच अडाणी ठरवतात. पण तेव्हा कोणीतरी प्रश्न विचारले म्हणूनच ती लस थांबली, हे विसरू नये. दुसरे असे की रोटाव्हॅक या आपल्याकडच्या लसीची परिणामकारकता पहिल्या वर्षात सुमारे 56 टक्के निघाली होती, म्हणजे जेमतेम द्वितीय श्रेणी. आम्ही मुलीला ही लस दिली, देऊ नका असेही मी म्हणणार नाही. मात्र लस दिली की जुलाब होतच नाहीत, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बालरोगतज्ज्ञ, सोलापूर:
वरील दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, फक्त ते अर्धे आहेत. आधी त्या 56 टक्क्यांविषयी. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचे वढू अशा तीन ठिकाणी 6,799 बाळांवर रोटाव्हॅकची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा साध्या जुलाबांचा नाही. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, म्हणजे ज्यात बाळ उलट्या-जुलाबांनी कोरडे पडते आणि सलाईन लावण्याची वेळ येते, त्या आजाराचा आहे. लस नसती तर शंभर बाळे अशा अवस्थेला पोहोचली असती, त्यांतील छप्पन्न वाचतात, असा त्याचा अर्थ. लस येण्याआधीच्या अंदाजांनुसार भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे 78,000 मुले रोटाव्हायरसने दगावत आणि आठ लाखांहून अधिक रुग्णालयात दाखल होत. एवढ्या मोठ्या संख्येतून निम्म्याहून अधिक वजा होणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

परदेशी लस अधिक चांगली, या समजाबद्दलही लिहितो. दोन डोसांची रोटारिक्स श्रीमंत देशांत 85 टक्क्यांहून अधिक संरक्षण देते, परंतु मलावीत तीच लस सुमारे 49 टक्क्यांवर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटासिलचा अनुभव याहून विचित्र आहे: भारतातील चाचणीत गंभीर आजाराविरुद्धचा आकडा 40 टक्क्यांच्या आत राहिला आणि आफ्रिकेतील नायजरमध्ये तो सुमारे 67 टक्के निघाला. म्हणजे फरक केवळ कुपीत नाही. बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडीज), आतड्यातील इतर जंतुसंसर्ग, पोषण, त्या वर्षी फिरणारे विषाणूचे प्रकार, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. खासगीत दिली तर काही बिघडणार नाही, पण केवळ परदेशी आहे म्हणून ती अधिक संरक्षण देईल आणि सरकारी लस दुय्यम ठरेल, याला आधार नाही.

आता आतड्याचा प्रश्न. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकतो, त्याला आम्ही इंटससेप्शन म्हणतो. लस घेतलेली असो वा नसो, हा प्रकार एक वर्षाखालील बाळांत मुळातच होतो आणि साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यात अधिक होतो. रोटाशील्डमुळे तो धोका दहा हजारांत एकाच्या आसपास वाढला होता. नंतरच्या परदेशी लसींबाबत काही देशांत लाखात एक ते सहा एवढी वाढ आढळली. रोटाव्हॅक देशाच्या कार्यक्रमात आल्यावर भारतात अनेक रुग्णालयांत याच गोष्टीवर लक्ष ठेवण्यात आले आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लस व इंटससेप्शन यांचा संबंध दिसला नाही. तरीही लक्षणे माहीत असावीत, आणि ती लस न दिलेल्या बाळांच्या आईवडिलांनाही माहीत असावीत: बाळ थांबून थांबून कळवळून रडते, रडताना पाय पोटाशी घेते, मध्येच गळून गेल्यासारखे पडून राहते, हिरवट उलट्या होतात, शीमध्ये शेंबडासारखे रक्त दिसते. असे झाल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून मुरुडशेंग उगाळत बसू नये. सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे. वेळेत पोहोचलेल्या बाळाचे आतडे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना सोडवता येते.

आपल्या थांबण्याच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सरकारी कार्यक्रमात पहिला डोस एक वर्षापर्यंत देता येतो, त्यामुळे नियमाने सहा महिन्यांनी तो मिळेलही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र पहिला डोस पंधरा आठवड्यांच्या आत द्यावा असे सुचवते. थांबलात तर पहिला डोस नेमका इंटससेप्शन एरवीही अधिक आढळणाऱ्या वयात पडेल, आणि गंभीर जुलाबांचा धोका सर्वांत जास्त असतो ते महिने लसीविना जातील. ज्या भीतीपोटी थांबायचे, तीच थांबल्याने वाढते.

सासूबाईंना दुखवायचे नाही, पण रोटाव्हायरसपुढे घरच्या स्वच्छतेचे फार चालत नाही. शुद्ध पाणी आणि उत्तम सांडपाणी व्यवस्था असलेल्या देशांतही लस येण्याआधी पाच वर्षांपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन जात असे. अंगावरचे दूध अवश्य चालू ठेवा. लसीच्या आधी किंवा नंतर पाजण्यावर बंधन नाही. घुटी मात्र बंद करावी असे माझे स्पष्ट मत आहे. सहाणेवर पाणी घालून उगाळलेल्या हळकुंड-वेखंडाबरोबर पोटात जंतू जाण्याची वाट आपणच करून देतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज पाण्याचीही गरज नसते.

आरोग्यसेविका:
डॉक्टरसाहेबांनी सर्व लिहिलेच आहे, मी फक्त लसीकरणाच्या दिवसापुरते सांगते. आपल्या राज्यात ही लस 2019 पासून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मोफत मिळते. पुरवठ्याप्रमाणे रोटाव्हॅक असेल तर पाच थेंब. रोटासिल असेल तर दोन ते अडीच मिली द्रव, तो सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडतात. तोंडाच्या लसी आधी आणि इंजेक्शने नंतर असा आमचा क्रम असतो, कारण सुई टोचल्यावर रडणारे बाळ थेंब बाहेर काढते. बाळाला सपाट न निजवता मांडीवर, डोके थोडे वर ठेवून धरा आणि लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

आपण माहेरी आहात, म्हणून मुद्दाम सांगते: कार्डावर लसीचे नाव आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय उठू नका. पुढचे डोस सासरी होतील तेव्हा तेथील सिस्टरना तीच लस पुढे चालवता येईल. ती नसेल तर जी असेल ती घ्यावी, पण डोस बुडवू नये. त्या रात्री ताप आला तर तो बहुधा पेंटाचा असतो, रोटावर दोष जातो. काही दिवस बाळाच्या शीमधून लसीचा विषाणू थोडा बाहेर पडतो, तेव्हा लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, विशेषतः घरात कोणाची कॅन्सरची औषधे चालू असतील तर. आणि घरात ओआरएसची पुडी ठेवा. जुलाब इतर जंतूंनीही होतात, त्यावर लस काही करत नाही.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. पतींना सर्व उत्तरे वाचून दाखवली. भारतातील पाहणीत संबंध दिसला नाही, यापेक्षा लक्षणे कोणती आणि ती दिसल्यास कुठे जायचे हे कळल्यामुळे ते अधिक निश्चिंत झाले, असे त्यांनी स्वतःच सांगितले. उपकेंद्रातच लस घ्यायचे ठरले आहे. घुटीचा विषय अजून निघायचा आहे. तो आईकडून काढावा असा विचार आहे. एकच शंका उरली: बाळाचे नाक दोन दिवसांपासून चोंदलेले आहे आणि ते सदतिसाव्या आठवड्याच्या थोडे आधी जन्मलेले आहे. तरीही आत्ताच द्यायची का?

बालरोगतज्ज्ञ, सोलापूर:
होय. साध्या सर्दीसाठी लस थांबवत नाहीत, आणि बाळ थोडे लवकर जन्मले असले तरी डोस जन्मतारखेपासून मोजूनच देतात. जोराचे उलट्या-जुलाब किंवा चांगलाच ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. बाळाला पूर्वी इंटससेप्शन झालेले असेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल किंवा आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आलेली असेल, तरच ही लस टाळतात. आपण लिहिल्यावरून यांतले काही दिसत नाही. तरी लस पाजण्याआधी सिस्टर विचारतील, तेव्हा सर्दीचे आणि लवकर जन्मल्याचे त्यांना सांगावे.