सगळी सक्युलंट सेफ नसतात हो
ताईंनी विचारलंय की त्यांची माऊ बाल्कनीतलं जेडचं झाड कुरतडते, चालेल का, आणि खाली कमेंटमध्ये कुणीतरी ठोकून दिलंय की सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं, सगळी सेफ. अजिबात नाही. जेड खाल्लं तर मांजराला उलट्या होतात, सुस्त पडतं, चालताना झोकांड्या जातात. पण मला खरी भीती पानफुटीची वाटते, आपल्याकडे गोव्यात पाऊस लागला की चिऱ्याच्या कुंपणावर पण ती आपोआप उगवते, पानाच्या कडेला बारीक बारीक रोपं फुटतात नि माऊला आयतं खेळणं मिळतं, त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष असतं, फुलांत तर जास्तच. नर्सरीतला गुलाबी-केशरी फुलांचा कलांचो पण त्याच घराण्यातला. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीकही वाईट, जुलाब होतात.

एचेवेरिया नि पांढऱ्या पट्ट्यांचं हॉवर्थिया ही सक्युलंट मात्र बिनधास्त ठेवा. फक्त हॉवर्थिया छोट्या कोरफडीसारखंच दिसतं, म्हापशाच्या बाजारात घेताना नीट बघून घ्या.

ताई, जेड उंचावर टांगा आणि माऊला चघळायला एका कुंडीत गहू पेरा. खाल्लंच आणि उलट्या सुरू झाल्या तर मीठ-पाणी वगैरे पाजू नका, कुरतडलेलं पान सोबत घेऊन सरळ व्हेटकडे जा.