‘सकारात्मक राहा’ म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न:
माझे वय 56 आहे. फुफ्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला असून औषधांनी तो काही काळ आटोक्यात राहील, पण बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सकारात्मक राहा’ असे सांगतो आणि मी हसून मान डोलावते. पण मंडळी जिना उतरून गेली की पाठीमागची उशी सरळ करण्याचेही त्राण उरत नाही. रात्री रडू आले तर त्यानेच आजार बळावेल की काय, ही धास्ती वेगळीच. अशा स्थितीत मन कसे सांभाळावे?

उत्तर 1:
ताई, रडण्याने कर्करोग वाढत नाही. ते ओझे आधी उतरवून ठेवा. माझ्या यजमानांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि ‘तुम्ही बरे होणार’ हे पालुपद मी कित्येक महिने सोडले नाही. शेवटी एके दिवशी तेच म्हणाले, ‘मला तुला बँकेचे कागद दाखवायचे आहेत आणि तू मला बोलूच देत नाहीस.’ त्या दुपारी पासबुके आणि विम्याचे कागद पलंगावर पसरून आम्ही दोघेही मनसोक्त रडलो. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून मऊ भात आणि मेतकूट मागितले. चारच घास खाल्ले, पण चवीने खाल्ले.

उत्तर 2:
मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, परिचारिका आहे. मन उभारी धरत नाही याचे कारण पुष्कळदा न आवरलेल्या वेदनेत, धापेत किंवा अपुऱ्या झोपेत असते, म्हणून ही सेवा शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना निदानानंतर लवकरच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही सेवा मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र 1997 पासून ही सेवा विनामूल्य देते. मॉर्फीनच्या नावाला घाबरू नका. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास व्यसन लागण्याची शक्यता फारच कमी असते, बद्धकोष्ठतेवरचे औषध मात्र सोबत मागून घ्या.

प्रश्नकर्ती:
दोघींचेही मनापासून आभार. डॉक्टर शून्य ते दहामध्ये दुखणे विचारतात, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला त्रास होऊ नये म्हणून मी नेहमी ‘तीन’ म्हणते. सोमवारी खरा आकडा सांगेन. त्याआधी, आज जेवण झाल्यावर, मुलाला जवळ बसवून घेते आणि कपाटाच्या चाव्यांपासून बोलायला सुरुवात करते.